मागील बाकी: किरकोळ कटकटींचं ओझं कसं साचतं

सासऱ्यांची बायपास झाली तेव्हा घरातली सून आठवडाभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होती. रक्ताची सोय, कॅशलेसची फाइल, गावाहून आलेल्या पाहुण्यांचं जेवणखाण, सगळं तिनं डोकं शांत ठेवून निभावलं. लोक म्हणाले, "केवढी धीराची!" आणि तीच बाई दोन महिन्यांनी, एका साध्या मंगळवारी सकाळी, दूध उतू गेलं म्हणून ओट्यापाशी हुंदके देऊन रडली. त्या सकाळी विशेष असं काहीच घडलेलं नव्हतं. नळाला पाणी बारीक येत होतं. मुलाला चार्ट पेपर हवा असल्याचं शाळेची गाडी यायच्या दहा मिनिटं आधी आठवलं होतं. कामाच्या मावशींचा 'आज जमणार नाही' असा फोन आला होता, आणि वीजबिल भरायला घेतलं तर ओटीपी येत नव्हता. मग दूध.

"एवढ्याशा दुधासाठी?" घरचे विचारतात. तीही स्वतःला तेच विचारते आणि वर पुन्हा आपल्या रडण्याचीच लाज वाटून घेते.

असं प्रत्येक घरात कोणाचं ना कोणाचं होतं. मोठ्या संकटात पाय रोवून उभा राहणारा माणूस फुटकळ गोष्टींपुढे का ढेपाळतो? आणि अशा वेळी कोणी 'पॉझिटिव्ह राहा' म्हणालं की बरं वाटायचं सोडून डोकं आणखी का फिरतं? गेल्या पन्नास-साठ वर्षांत मानसशास्त्र आणि शरीरशास्त्र यांनी मिळून या दोन्ही प्रश्नांची बऱ्यापैकी समाधानकारक उत्तरं शोधली आहेत.

मोठ्या दुःखाला मान असतो

१९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यात उलथापालथ घडवणाऱ्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येक घटनेला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, आणि त्याखाली नोकरी जाणं, घर बदलणं वगैरे. वर्षभरात एखाद्याच्या वाट्याला आलेल्या गुणांची बेरीज करायची आणि ती जितकी जास्त, तितका आजारपणाचा धोका जास्त, असा त्यांचा ठोकताळा होता. (लग्नाला ५० गुण पाहून परदेशी वाचकांना नवल वाटलं असेल. ज्यांनी कार्यालयाचं बुकिंग, आचारी आणि रुसलेले मामा एकाच आठवड्यात सांभाळले आहेत, त्यांना ते कमीच वाटतील.)

ही मोजपट्टी फार गाजली. पण बर्कलीच्या विद्यापीठात रिचर्ड लाझारस नावाच्या मानसशास्त्रज्ञाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना एक शंका होती. बायको वारणं, नोकरी जाणं ही संकटं रोज येत नाहीत. रोज येतं ते वेगळंच असतं. म्हणून त्यांनी ११७ कटकटींची यादी केली. वस्तू हरवणं, वाढतं वजन, वाढते भाव, घराची दुरुस्ती, घरातल्या कोणाची तरी तब्येत, एका वेळी फार कामं अंगावर येणं, अशा गोष्टी तीत होत्या. कॅलिफोर्नियातल्या शंभर मध्यमवयीन माणसांकडून ती त्यांनी महिन्या-महिन्याला भरून घेतली. १९८१ साली निष्कर्ष छापून आले: माणसाची मानसिक तब्येत कशी राहील याचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या किरकोळ कटकटींवरून जास्त नेमका बांधता येत होता.

कारणांचा विचार करू लागलं की हे पटत जातं. घरात मोठं काही घडलं की सगळं जग बाजूला होतं. साहेब रजा देतो, शेजारी डबा आणून देतात, मुलं न सांगता अभ्यासाला बसतात. तुम्ही स्वतःही बाकीची कामं बिनदिक्कत सोडून देता, कारण आता महत्त्वाचं एकच आहे हे ठाऊक असतं. कटकटीला हा मान नाही. लिफ्ट बंद आहे म्हणून कोणी डबा आणून देत नाही. नळ गळतो म्हणून रजेचा अर्ज टाकला तर साहेब हसेल. आणि मुख्य म्हणजे कटकटी एकेकट्या येत नाहीत, शिवाय एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नसतो. आधारचा पत्ता, आईची शुगर आणि स्कूटीचं पंक्चर यांना एकच उत्तर नाही. प्रत्येकीसाठी डोकं नव्यानं लावावं लागतं.

शरीराला आकार कळत नाही

मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना, साधारण कानशिलाच्या पातळीवर, बदामाच्या आकाराचे दोन छोटे पुंजके असतात. त्यांना अमिग्डला म्हणतात. धोक्याची चाहूल घेणं हे त्यांचं एक मोठं काम. चाहूल लागली की निरोप जातो आणि मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून काही सेकंदांत ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. छाती धडधडते, श्वास वर चढतो, स्नायू आवळतात. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या तयारीचं वर्णन केलं, ते 'लढा नाहीतर पळा' या नावानं रूढ झालं.

त्यामागोमाग दुसरी, संथ साखळी सुरू होते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिच्युटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून पुन्हा त्याच अधिवृक्क ग्रंथींना संदेश जातो आणि कॉर्टिसॉल पाझरू लागतं. त्याचं प्रमाण वीस ते तीस मिनिटांनी टोकाला पोचतं. लढायला किंवा पळायला इंधन कमी पडू नये म्हणून ते रक्तातली साखर वर ठेवतं. नंतर हेच कॉर्टिसॉल मेंदूला 'आता पुरे' असंही कळवतं आणि तासाभरात गाडं हळूहळू पूर्वपदावर येतं.

या व्यवस्थेत खोट काहीच नाही. अडचण एवढीच की तिला धोक्याचा आकार नीट कळत नाही. अंगावर आलेला कुत्रा आणि रात्री साडेअकराला ऑफिसच्या ग्रुपवर आलेला 'कॉल मी' हा मेसेज, दोघांनाही ती एकाच पद्धतीनं उत्तर देते. जोर कमी-जास्त असतो, तऱ्हा तीच. आता त्या मंगळवारची सकाळ पाहा. पाणी सहा वाजता, चार्ट पेपर पावणेसातला, मावशींचा फोन सातला, ओटीपी सव्वासातला. पहिलं शमायच्या आत दुसरं हजर.

गल्लीतल्या किराणा दुकानातली उधारीची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. तिथून कोणी एकदम दहा हजारांचा माल नेत नाही. आज तेलाची पिशवी, उद्या अर्धा किलो साखर, परवा साबणाच्या दोन वड्या. पान भरलं की दुकानदार खाली बेरीज मारतो, पान उलटतो आणि नव्या पानावर पहिली ओळ लिहितो, 'मागील बाकी'. महिनाअखेरीला आकडा बघून आपण म्हणतो, "एवढं कधी नेलं?" त्या बाईला दुधानं रडवलं नाही. दूध ही पानावरची शेवटची आणि बहुधा सगळ्यात छोटी नोंद होती. रडू आलं ते बेरजेचं.

१९९३ साली ब्रूस मॅकएवेन आणि एलियट स्टेलर या शास्त्रज्ञांनी या बेरजेला शास्त्रीय नाव दिलं, 'ॲलोस्टॅटिक लोड'. सोप्या मराठीत म्हणायचं तर पुन्हा पुन्हा जुळवून घेताना शरीराची जी झीज होते तिचा भार. रक्तदाब, साखर, पोटाभोवतीची चरबी, झोप, प्रतिकारशक्ती या सगळ्यांत ती झीज उतरते. म्हणजे 'टेन्शन घेऊ नकोस, तब्येतीवर येईल' हे आजीचं म्हणणं बरोबरच होतं. फक्त टेन्शन घ्यावं की नाही हे आपल्या हातात असतं, हा तिचा समज थोडा भाबडा होता.

आणखी एक खास मानवी खोड या झिजेत भर घालते. रॉबर्ट सापोल्स्की या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९९४ साली लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकाचं नावच आहे 'झेब्र्यांना अल्सर का होत नाहीत'. झेब्र्यामागे सिंह लागतो, काही मिनिटं जिवाच्या आकांतानं धावाधाव होते, आणि सुटला तर झेब्रा पुन्हा चरायला लागतो. रात्री पडल्या पडल्या तो सिंहाला आठवत बसत नाही. आपण बसतो. दुपारी साहेब चारचौघांत काय बोलले, ते रात्री अंथरुणावर आठवलं की शरीराला ती दुपार पुन्हा भोगावी लागते. एकाच मालाची नोंद वहीत दोनदा होते.

डोक्यात जागा किती

शरीराची बाजू झाली. कटकटी दुसरी एक गोष्ट खातात, ती म्हणजे लक्ष. एका क्षणी आपण मनात किती गोष्टी धरून ठेवू शकतो याला मर्यादा आहे. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञानं २००१ साली आधीच्या पुष्कळ प्रयोगांचा आढावा घेऊन ती साधारण चारवर आणून ठेवली. चार! सकाळच्या स्वयंपाकघरात एवढ्या गोष्टी तर कुकरच्या तिसऱ्या शिट्टीच्या आत होतात.

अर्धवट राहिलेली कामं ही जागा अडवून बसतात. १९२७ साली बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेनं लोकांना बारीकसारीक कामं दिली, त्यातली काही मध्येच तोडली, आणि नंतर कोणती आठवतात ते विचारलं. तोडलेली कामं जास्त आठवत होती. आठवणीबद्दलचा हा निष्कर्ष पुढच्या सगळ्या प्रयोगांत तसाच निघाला असं नाही, पण अपुरं काम मनात पुन्हा पुन्हा डोकावतं हा अनुभव सर्वांचाच आहे. २०११ साली मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या जोडीनं त्याच्यावर एक उपयोगी गोष्ट दाखवली. काम पूर्ण झालं नाही तरी चालतं. ते कधी, कुठे आणि कसं करायचं एवढं नक्की ठरवलं तरी त्याचं डोकावणं थांबतं. मनाला काम संपलेलंच हवं असतं असं नाही, त्याची सोय लागलेली हवी असते.

पैशाची चणचण असली तर हा प्रकार फार क्रूर होतो. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला यातलं चित्र समजावून सांगायला नको. ऊसतोडीच्या आधी हात रिकामे असतात, दागिने गहाण पडलेले असतात, उधारी थकलेली असते. तोडणी होऊन पैसे आले की हात जरा मोकळा होतो. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना दोन्ही काळांत बुद्धीच्या चाचण्या दिल्या. माणूस तोच, पण चणचणीच्या दिवसांत गुण कमी आणि मोकळ्या दिवसांत जास्त. या अभ्यासाच्या आकडेमोडीवर वाद झाला, तरी त्यातला मुद्दा डोक्यात राहतो: गरिबाचं डोकं कमी चालत नाही, ते सतत दुसऱ्या हिशेबात गुंतलेलं असतं. 'अडचणीत माणसाची बुद्धी चालत नाही' असं आपण सहज म्हणतो आणि वर त्यालाच दोष देतो. एखादा गृहस्थ चणचणीत चुकीचं कर्ज काढतो, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं.

बेरीज दुसऱ्या दिवशी कळते

आता मुद्द्याची गोष्ट. कटकटी सगळ्यांनाच असतात, मग काही जण त्यांतून तब्येत राखून बाहेर येतात आणि काही खचतात, ते कशामुळे?

अमेरिकेत डेव्हिड आल्मेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो लोकांना ओळीनं आठ संध्याकाळी फोन करून विचारलं: आज काय काय झालं? कोणाशी वाद, कामाचा ताण, घरातली कुरबुर? आणि मन कसं होतं? दहा वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा गाठलं. २०१३ साली आलेल्या निष्कर्षानुसार, ज्यांचं मन रोजच्या कटकटींनी जास्त हेलकावे खात होतं, त्यांच्यात दहा वर्षांनंतर नैराश्य किंवा चिंतेसारखे विकार अधिक आढळले. २०१८ साली याच माहितीतून आणखी बारीक प्रश्न विचारला गेला. काल काही तरी बिनसलं. आज तसं काही झालेलं नाही. तरीही आज मन खालीच आहे का? ज्यांचं उत्तर 'हो' कडे झुकत होतं, त्यांच्यात दहा वर्षांनी शरीराच्या जुनाट तक्रारी जास्त होत्या आणि हिंडण्याफिरण्याची, रोजची कामं करण्याची क्षमता कमी होती.

असे अभ्यास नातं दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत, हे मान्यच आहे. तरी त्यांनी प्रश्नाची जागा बदलली. तोपर्यंत सल्ला असा असे की कटकटी कमी करा, किंवा त्यांचं काही वाटून घेऊ नका. यातलं पहिलं मुंबई-पुण्यात राहून जमत नाही आणि दुसरं कुठेच जमत नाही. पाहायचं ते हे की कालचं किती आजच्या पानावर आलं. चिडणं, रडणं, भांडणं त्या त्या दिवशी झालं तर बिघडत नाही. मागील बाकीची ओळ लहान ठेवायची.

औषध घेताना माकड आठवू नका

ती ओळ लहान ठेवायला 'सकारात्मक विचार' का पुरत नाहीत? आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. वैद्यबुवा औषधाची पुडी देतात आणि बजावतात, "घेताना फक्त माकड मनात आणू नका, नाहीतर गुण येणार नाही." रोगी बिचारा पुडी उघडतो की माकड समोर. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली हेच प्रयोगशाळेत केलं, फक्त माकडाच्या जागी पांढरं अस्वल घेतलं. पाच मिनिटं त्याचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. आणि नंतर 'आता खुशाल विचार करा' म्हटल्यावर या लोकांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. वाईट विचार येऊ न देण्याचा खटाटोप त्याच विचाराला बोलावणं धाडतो.

आरशासमोर उभं राहून 'मी छान आहे, मी समर्थ आहे' म्हणायच्या उपायाचंही २००९ साली कॅनडात परीक्षण झालं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना थोडं आणखी बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता, म्हणजे ज्यांच्यासाठी हा उपाय सांगितला जातो, त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. मन वेडं नसतं. ते लगेच पुरावे काढून दाखवतं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांचं काम मला याहून मोलाचं वाटतं. १९९१ साली त्यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या २५ स्त्रियांचा अभ्यास केला. 'मला हे जमेल' असं अनुभवावरून वाटणाऱ्या स्त्रियांचं वजन जास्त उतरलं. पण बारीक झाल्यावरची गोड चित्रं मनात रंगवणाऱ्यांचं कमी उतरलं. भरवसा आणि स्वप्नरंजन या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की गोड चित्र रंगवलं की शरीराची तयारीच उतरते, जणू काम झालंच. म्हणून ओटिंगेन सांगतात की हवं ते डोळ्यांसमोर आणा, पण लगेच त्याच्या आड येणारा अडथळाही आणा, आणि तो आला तर काय करायचं ते ठरवून ठेवा.

व्याख्यानांत हमखास ऐकू येणाऱ्या 'एका वाईट अनुभवाला तीन चांगले' या सूत्राचंही सांगून टाकतो. २००५ साली त्यामागचं २.९०१३ असं चार दशांश स्थळांपर्यंतचं गणित मांडलं गेलं होतं. २०१३ साली ते गणित पार चुकीचं असल्याचं दाखवून देण्यात आलं. व्याख्यानं चालूच आहेत.

बाकी उतरवायची कशी

पहिला उपाय अगदी साधा आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. निम्म्यांनी आज काय काय केलं ते लिहिलं, निम्म्यांनी पुढच्या दिवसांत काय करायचं आहे ते. दुसरा गट सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपी गेला, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. (हे २०१८ सालचं.) यादी मोघम असेल तर उपयोग नाही, हे यातलं महत्त्वाचं.

> चौकट: रात्री पावणेदहाची यादी
>
> *डोक्यात:* बाथरूमचं लीकेज!
> *कागदावर:* शनिवारी सकाळी वरच्या मजल्यावर जाऊन बोलणे. प्लंबरला ११ ची वेळ.
>
> *डोक्यात:* आईची शुगर वाढली असेल.
> *कागदावर:* गुरुवारी उपाशीपोटी रक्त. लॅबला उद्या जेवणाच्या सुट्टीत फोन.
>
> *डोक्यात:* या महिन्यात पैसे पुरतात की नाही.
> *कागदावर:* एलआयसी १५ ला, फी २० ला. फीचे दोन हप्ते होतील का, सोमवारी शाळेत विचारणे.
>
> *डोक्यात:* साहेब असं का म्हणाले?
> *कागदावर:* यावर करण्यासारखं काही नाही. (हेही लिहायचं.)

दुसरा उपाय म्हणजे भावनेला नाव देणं. 'काही नाही, ठीक आहे' असं म्हणण्याऐवजी 'मला राग आलाय', 'मला भीती वाटतेय' असं शब्दांत आणणं. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ सालच्या प्रयोगात, फोटोतल्या चेहऱ्यावरची भावना शब्दांत सांगितली की अमिग्डलाची हालचाल कमी झालेली आणि मेंदूच्या पुढच्या, आवर घालणाऱ्या भागाची वाढलेली दिसली. मनात दाबून हसरा चेहरा ठेवणाऱ्याच्या शरीरावर मात्र ताण वाढतो, हे जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांनी दाखवलेलं आहे. म्हणजे मैत्रिणीला फोन करून दहा मिनिटं कुरकुर करणं हे औषध आहे. तासभर तेच तेच उगाळणं नाही.

श्वासाचं थोडक्यात. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. म्हणून सोडायला जास्त वेळ लावला की शरीराला शांत होण्याचा इशारा मिळतो. सिग्नलवर उभं असतानाही हे करता येतं.

यापेक्षा जास्त वेळ द्यावा अशी गोष्ट म्हणजे हातातली सत्ता. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७२ च्या पुस्तकात एक प्रयोग सांगितला आहे. लोकांना कर्कश आवाजात काम करायला बसवलं. काहींना एक बटण दिलं: फारच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. जवळजवळ कोणीच दाबलं नाही. आवाज दोन्ही गटांनी सारखाच ऐकला. तरीही नंतर अवघड कोडी सोडवताना बटणवाले जास्त वेळ टिकले. आपण थांबवू शकतो, एवढी खात्री पुरली. पुढे मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी तर आपलाच सिद्धान्त उलटा केला. १९६७ साली त्यांचं म्हणणं होतं की सतत मार खाणारा प्राणी हतबलता शिकतो. २०१६ साली त्यांनी लिहिलं की दीर्घकाळ त्रास झाला की गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते 'माझ्या करण्यानं फरक पडतो' हे.

म्हणूनच दहा अडचणींच्या दिवशी सगळ्यात सोपी अडचण आधी सोडवावी. शर्टाचं तुटलेलं बटण लावावं, एक बिल भरावं. त्यानं मोठा प्रश्न सुटत नाही, मेंदूला मात्र पुरावा मिळतो.

आणि अर्थातच विचारांची तपासणी. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठी वाचकाला तशी परिचयाची आहे. ठाण्याच्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्य संस्थेनं ती घराघरांत नेली. तिचं सूत्र असं की घटनेतून थेट त्रास येत नाही, मध्ये आपली समजूत असते. 'मावशी आल्या नाहीत' ही घटना. 'त्यांनी यायलाच हवं होतं, आता सगळा दिवस वाया' ही समजूत. 'आल्या असत्या तर बरं झालं असतं, नाही आल्या, गैरसोय होईल' असं म्हटलं की चीड जात नाही, पण तिची धार कमी होते. हे गोड विचार नव्हेत, अचूक विचार आहेत. मला तरी दोन्हींतला फरक महत्त्वाचा वाटतो.

या सगळ्याला एक हद्द आहे. सलग दोन आठवडे मन उदास राहिलं, कशातच गोडी वाटेना, झोप-भूक बिघडली किंवा जगणं नकोसं झालं, तर याद्या करत बसू नये. तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

वही कोणाच्या नावावर?

आतापर्यंतचे उपाय एका माणसाच्या डोक्यातले झाले. पण घराच्या कटकटी सगळ्यांच्या असून त्यांची वही बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या नावावर असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७. ही हातांच्या कामाची मोजणी झाली. डोक्याच्या कामाची मोजणी कठीण. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ स्त्रीनं अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ साली त्या कामाचे चार भाग पाडले: काय लागेल याचा आधी अंदाज घेणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवताना नवरा-बायको दोघं असतात. पहिलं आणि शेवटचं बहुतांशी बायकोकडे असतं. आपल्याकडे चित्र वेगळं असेल असं मानायला काही आधार नाही.

"मला सांग ना, मी करतो," असं म्हणणारा नवरा चांगलाच असतो. पण सांगायचं लक्षात ठेवणं हेच तर काम आहे. सिलिंडर उचलून आणणं पाच मिनिटांचं. तो कधी संपेल यावर महिनाभर डोळा ठेवणं वेगळं.

तेव्हा रात्रीची यादी जमलं तर घरातल्या सगळ्यांनी बसून करा आणि प्रत्येक ओळीपुढे एक नाव घाला. ज्याच्या नावावर गॅस, त्यानं नंबर लावायचा, सिलिंडर आला की वजन बघून घ्यायचा, पुढचा कधी लागेल तेही त्यानंच पाहायचं, आणि विसरला तर त्या दिवशी सगळ्यांसाठी बाहेरून जेवण मागवायचं, तेही त्यानंच.